पिंड खाल्लेला रोहू

बायकोच्या दहाव्याला माझ्या हातून एक चूक झाली आणि तिच्यापायी चार महिने मला एक मासा धरता आला नाही. मुलगी म्हणाली, बाबा, फोनवर तेच तेच सांगता, एकदा लिहूनच काढा. म्हणून लिहितो. मी सातवीपर्यंत शिकलो, त्यातही सातवीला दोनदा बसलो, तेव्हा कुठं मागंपुढं झालं तर वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

आम्ही भंडाऱ्याकडचे. भोपाळच्या मोठ्या कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो आणि फिटर म्हणून रिटायर झालो. पिपलानीच्या क्वार्टरात संसार झाला, आता क्वार्टर सोडून तिथूनच जवळ दोन खोल्यांत राहतो. मुलगा पुण्याला, मुलगी नागपूरला शाळेत शिकवते. कारखान्यात होतो तेव्हा रविवारी आणि रिटायर झाल्यावर जवळजवळ रोज मी हथाईखेडा धरणावर मासे धरायला जातो. स्कूटरनं वीस मिनिटं लागतात. स्कूटर माझ्यासारखीच आहे, सकाळी लवकर चालू होत नाही.

लोकांना वाटतं, पाण्यात गळ टाकायचा आणि झोप काढायची, झाली मासेमारी. तसं करणारे असतात आणि ते रिकाम्या पिशवीनं घरी जातात. जागा बनवावी लागते. काठावर एकाच ठिकाणी बसायचं आणि पाण्यात तेवढ्याच अंतरावर दिवसाआड चाऱ्याचे गोळे टाकायचे. माझा चारा म्हणजे कणीक, भाजलेली शेंगदाण्याची पेंड, उकडलेला भात आणि चिमूटभर हिंग. गोळा घट्ट वळायचा, एक बाजू ओली करायची आणि खालून हात घालून नेमका तिथंच टाकायचा, जिथं मागच्या वेळी टाकला होता. दोन महिन्यांत मासे त्या जागेला सोकावतात. मग ती जागा तुमची. आम्ही तिला ठिय्या म्हणतो. दुसऱ्याच्या ठिय्यावर बसायचं नाही, हा आमच्या काठाचा एकच कायदा. मागं अरेरा कॉलनीतले एक साहेब विलायती काठी घेऊन आले आणि मिस्त्रीच्या ठिय्यावर खुर्ची टाकून बसले. मिस्त्री त्यांना काही बोलला नाही. शेजारी बसून आपल्या मूळव्याधीची हकीकत सांगत राहिला. तासाभरात साहेबांनी खुर्ची मिटली.

हा मिस्त्री म्हणजे माझ्या डाव्या हाताला बसणारा. जुन्या भोपाळचा, स्कूटर दुरुस्तीचं दुकान होतं, आता मुलं बघतात. उजव्या हाताला दादा. तो बंगाली, आमच्याच कारखान्यात स्टोअरला होता. मी त्याला दादा म्हणतो आणि कोणीतरी त्याला सांगितलं आहे की मराठी माणसाला भाऊ म्हणतात, म्हणून तो मला भाऊ म्हणतो. दोघंही एकमेकांना मोठा भाऊ म्हणतो, त्यामुळे चहा आणायला कोणी उठत नाही. तिघांचं बोलणं हिंदीत चालतं, पण इथं मी ते मराठीतच लिहितो.

तर ती गेली. नवरात्र संपलं आणि साकेत नगरच्या मोठ्या हॉस्पिटलात अकरा दिवस काढून गेली. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, मला येत नाही.

दहावं आम्ही धरणाच्याच काठी, देवळाजवळ केलं. गुरुजी आपले मराठी, अरेरा कॉलनीतून येतात. कावळ्यानं फार वाट बघायला लावली नाही. पिंड ठेवले आणि दोन मिनिटांत शिवला. तिला जेवायला उशीर झालेला कधी चाललाच नाही. गुरुजी म्हणाले, आता हे पाण्यात सोडा. मुलगा पुढं झाला, पण तिथं गाळ होता आणि त्याच्या पायाला पुण्याची सवय. त्यानं पत्रावळ माझ्या हातात दिली. "बाबा, तुम्हाला इथलं पाणी माहीत आहे."

मी पाणी चांगलं कुठं आहे ते बघत काठानं चालत गेलो. डोक्यात काही नव्हतं, पाय नेतील तिकडं चाललो होतो. थांबलो तेव्हा मी माझ्याच ठिय्यावर उभा होतो. तोपर्यंतसुद्धा लक्षात आलं नाही. पाच पिंड होते, मुठीएवढे. पहिला हातात घेतला, सैल वाटला म्हणून दाबून घट्ट केला, एक बाजू पाण्यात बुडवली आणि खालून हात घालून टाकला. बरोब्बर जागेवर पडला. दुसरा, तिसरा, चौथा, सगळे परातीएवढ्या जागेत पडले. पाचवा मी हातातच ठेवला आणि मुलाला म्हणालो, "हा अर्ध्या तासानं टाकू. सगळा एकदम टाकायचा नसतो."

मुलगा माझ्याकडे बघत राहिला. गुरुजी दुसरीकडे बघत राहिले.

तेवढ्यात पाण्यातून बारीक बारीक बुडबुडे वर येऊ लागले, साबणाच्या फेसासारखे. रोहू तळाशी चरायला लागला की असेच येतात. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. ते बुडबुडे बघून मला दहा दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं. मग हातातल्या पाचव्या गोळ्याकडे लक्ष गेलं. तो टाकला आणि गपचूप येऊन गाडीत बसलो.

तेरावं झालं, पाहुणे गेले. मुलगा म्हणाला, पुण्याला चला, इथं आता काय आहे तुमचं. मी म्हणालो, धरण आहे. तो म्हणाला, धरणं पुण्यालाही आहेत. म्हणालो, असतील, पण तिथं माझा ठिय्या नाही. त्याला ते बालिश वाटलं. महिनाभर बघू असं ठरवून तो गेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी काठी घेऊन निघालो.

बसलो, चारा मळला, गळाला कणकेची गोळी लावली. मोरपिसाच्या काडीचा माझा तरंगा आहे, तो सरळ केला. काठी उचलली आणि हात तिथंच अडकला. आतापर्यंत डोक्यात नुसती लाज होती. आता हिशेबानं कळलं. खाली जे फिरतायत त्यांनी तिचे पिंड खाल्ले आहेत. त्यातला एक गळाला लागला तर मी काय धरणार आहे?

डावीकडून मिस्त्री ओरडला, भोपाळी माणूस कोणालाही खां म्हणतो. "को खां, काठी काय सलामीला धरलीय?"

मी त्याला जवळ बोलावलं आणि सगळं सांगितलं. दादाही उठून आला. मिस्त्रीनं चहाचा पेला खाली ठेवला.

"म्हणजे भाभीजींचा तो भात तू आपल्या ठिय्यावर टाकलास."

"टाकला."

"नेम धरून?"

"सवयीनं."

दादानं विचारलं, "गोळे केवढे होते, भाऊ?" मी मूठ दाखवली. तो विचार करून म्हणाला, "मग पहिल्यांदा मोठ्या तोंडाच्या कटल्यानं फोडले असणार. रोहूचं तोंड लहान असतं."

"दादा, इथं माणसाचं घर मोडलंय," मिस्त्री म्हणाला, "आणि तू माशाचं तोंड मोजतोस."

"मी त्याच्याच कामाचं बोलतोय," दादा म्हणाला. "रोहू एका जागी राहत नाही. सकाळी भाऊकडे, दुपारी तुझ्याकडे, संध्याकाळी माझ्याकडे. ज्यानं खाल्लं तो आता कुठंही असेल. मग एकट्या भाऊनंच का थांबायचं?"

मिस्त्री बोटांवर काहीतरी मोजत होता. मग हळूच विचारलं, "दहावं कोणत्या वारी होतं?"

"बुधवारी."

"मी त्या जुम्म्याला इथून तीन किलोचा रोहू नेला होता."

 मिस्त्रीनं डोक्यावरची टोपी काढून परत घातली. वर आभाळाकडे बघून म्हणाला, "भाभीजी, माफ करा. मला माहीत नव्हतं."

दादानं विचारलं, "चांगला होता का?"

"लाजवाब होता. तेच तर सांगतोय."

त्या दिवशी मी दोरी गुंडाळली आणि दुपारी सिटी बसनं गुरुजींच्या घरी गेलो. त्यांनी लाडू दिला, चहा दिला. मी सरळ विचारलं, "गुरुजी, पिंड खाल्लेला मासा धरला तर चालतं का?"

"धरून काय करणार?"

"खाणार."

गुरुजी म्हणाले, "असं अजून कोणी विचारलेलं नाही."

"मग तुम्हीच सांगा."

"अहो, मी कांदासुद्धा खात नाही, मला माशातलं काय कळतं? तुमच्या मनाला विचारा."

"मन खा म्हणतं. हात उठत नाही."

"मग सध्या हाताचं ऐका," असं म्हणून त्यांनी मला आणखी एक लाडू दिला.

मी हाताचं ऐकलं. पण घरी बसून काय करणार होतो? घरात सकाळचे नऊ वाजले की पुढं दिवस सरकत नसे. दोन खुर्च्या, एकीवर मी, आणि दुसरीकडे बघायचं नाही म्हणून भिंतीकडे तोंड. कुकरची शिटी मोजायला ती लागायची, मी भात तीनदा करपवला. म्हणून एक युक्ती काढली. दोरीचा गळ कापून टाकला. तरंगा ठेवला, शिसं ठेवलं आणि खाली नुसती कणकेची गोळी बांधायला लागलो. रोज जायचो, चारा टाकायचो, काठी लावून बसायचो. मासा यायचा, तरंगा डुलायचा, दोनदा टिचकी मारल्यासारखा हलायचा आणि सर्रकन पाण्याखाली जायचा. मी बसून बघायचो. थोड्या वेळानं तरंगा वर यायचा, गोळी गेलेली असायची. मी दुसरी लावायचो.

मला त्यात मजा यायला लागली. मासा कोणता ते तरंग्यावरून कळायचं. रोहू आधी चाखून बघतो. नरेन म्हणून एक मासा असतो, तो तरंगा आडवा पाडतो. तिलापिया भुक्कड, पडल्या पडल्या ओढतो. मी त्यांना मनातल्या मनात बोलायचो, घे बाबा, पोटभर खा, आज हिंग जास्त झालाय.

मिस्त्रीला मात्र ते बघवत नसे. तरंगा बुडाला की त्याचा हात आपोआप झटका द्यायला वर जायचा, माझ्या काठीसाठी. "तू ठिय्या नाही, खानावळ काढलीस," म्हणायचा.

दीड महिना असा गेला. थंडी पडली, मासे तसेही सुस्त झाले, पण माझ्याकडे मात्र दुपारच्या उन्हात गर्दी. आणि मग एके दिवशी ते दोघं मिळून माझ्यासमोर येऊन उभे राहिले. दोघं एकदम आले की काम गंभीर असतं, एरवी एकाला दुसऱ्याचं पटत नाही.

दादा म्हणाला, "भाऊ, वाईट वाटून घेऊ नकोस. मला बारा दिवसांत एक मासा लागलेला नाही."

"मला पंधरा," मिस्त्री म्हणाला.

"थंडी आहे."

"थंडी नाही," मिस्त्री म्हणाला, "तू आहेस. तुझ्याकडे रोज ताजं मिळतं आणि तोंडाला गळ टोचत नाही. माशाला काय वेड लागलंय माझ्याकडे यायला? सगळे तुझ्याकडे पंगतीला बसतात."

"मग मी काय करू?"

मिस्त्री खाली उकिडवा बसला. "हे बघ खां, तुझं दुःख आम्हाला कळतं. पण एक काहीतरी कर. गळ लाव, नाहीतर चारा बंद कर."

बोलला ते खरं होतं, म्हणून जास्त लागलं. चारा बंद केला तर पंधरा दिवसांत ठिय्या मरतो. ठिय्या मेला तर मी तिथं कशाला जाऊ, नुसतं पाणी बघायला? आणि तिथं जायचं नसेल तर पुण्याला मुलाकडे जाऊन बाल्कनीत बसायला काय हरकत होती? माझ्याजवळ तेवढंच एक उरलं होतं आणि ते ठेवायचं तर गळ बांधायला हवा होता. मी त्यांना होळीपर्यंतची मुदत मागितली. दिली त्यांनी, पण तोंड वाकडं करून.

होळीला आठ दिवस होते तेव्हा मुलीचा फोन आला. मी तिला यातलं काही सांगितलं नव्हतं, पण भावानं सांगितलं असावं. तिनं सुरुवातच तिथून केली.

"बाबा, आईचे पिंड तुम्ही नेम धरून टाकलेत म्हणे?"

"हो."

"आणि एक नंतर टाकू म्हणालात?"

"हो, म्हणालो. आता तू पण बोल मला."

ती हसायला लागली. आधी दाबून, मग मोठ्यानं. आई गेल्यापासून तिला हसताना ऐकलं नव्हतं, म्हणून मी मध्ये बोललो नाही. मग मी तिला गुरुजींचं, गळाचं, मिस्त्री आणि दादाचं, सगळं सांगितलं.

"बाबा, तुम्ही आईला ओळखत होता ना? तिनं कधी कोणाला फुकट जेवू घातलंय? जेवायला बसला तो कामाला लागला. तुमचे मिस्त्रीकाका दिवाळीच्या फराळाला आले तर त्यांना मिक्सर दुरुस्त करायला बसवलं. माझ्या सासऱ्यांना पहिल्याच भेटीत लसूण सोलायला दिला."

"दिला होता."

"मग त्या माशांनी पाच गोळे खाल्ले आणि वर चार महिने तुमच्याकडून कणीक खातायत. आई वर बसून काय म्हणत असेल? या माणसानं अख्ख्या धरणाला जेवू घातलं आणि एकालाही कामाला लावलं नाही."

मी फोन ठेवला. मुलीचा आवाज आईसारखा आहे, बोलणं तर हुबेहूब. मला गुरुजींच्या घरून जे मिळालं नव्हतं ते मिळालं. पेटीतून गळाची पुडी काढली. गाठ बांधायला चष्मा लागतो, तो लावून दोनदा बांधली.

दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं होतं. मी ठिय्यावर बसलो आणि गळ गोळीत लपवून टाकला. त्या दोघांना काही बोललो नाही. तरंगा तासभर नुसता उभा. मग थरथरला. चाखतोय. परत थरथरला. मग असा खाली गेला की काठीचं टोक पाण्याला टेकलं, आणि मी चार महिन्यांनी झटका दिला.

मिस्त्रीला आवाजावरूनच कळलं. "लावलास," तो म्हणाला, आणि आपली काठी टाकून आला. मासा खोल गेला, मग डावीकडे, मिस्त्रीच्या दोरीत, मग उजवीकडे. दहा मिनिटं तो मला ओढत होता आणि मी त्याला. खांदा दुखायला लागला. दादा जाळी घेऊन गुडघाभर पाण्यात उतरला, पँट वर न करता. वर आला तो रोहू, लालसर पंखांचा, चार किलोच्या खाली नसेल. गवतावर ठेवला आणि आम्ही तिघं त्याच्याभोवती उभे राहिलो.

"सोडतोस की नेतोस?" दादानं विचारलं.

"नेतो. तुम्ही दोघं पण चला जेवायला. पण काम करावं लागेल."

माझ्या स्वयंपाकघरात इतकी माणसं चार महिन्यांनी आली. बाहेरच्या नळावर मी खवले काढले, ते काम कायम माझंच. रश्श्यावरून भांडण झालं. दादाला मोहरी वाटून हवी होती, मिस्त्रीला कांदा तळून. मी म्हणालो, घर माझं आहे, भाजलेला कांदा, सुकं खोबरं आणि भंडाऱ्याचं तिखट पडेल. मिस्त्रीला लसूण सोलायला बसवलं. दादानं तांदूळ निवडले आणि शिट्या मोजल्या. भात करपला नाही.

जेवायला बसण्याआधी मी एक ताट काढलं आणि चुलीजवळ ठेवलं. त्यात भात, रस्सा आणि डोकं. ती नेहमी डोकंच घ्यायची. मला पोटाचे जाड तुकडे वाढायची आणि म्हणायची, तुम्ही मांस खा, डोक्यात काय असतं, नुसती हाडं. मग ताट घेऊन ओट्याकडे तोंड करून बसायची. चाळीस वर्षं मला वाटत होतं, बाई माझ्यासाठी मन मारते.

आम्ही जेवलो. तिखट जरा जास्त झालं होतं, मिस्त्रीच्या नाकातून पाणी येत होतं, पण त्यानं तिसऱ्यांदा भात घेतला. दादाचं मात्र लक्ष सारखं चुलीकडे.

"भाऊ, बोलू का? डोकं थंड होतंय."

"ते तिचं आहे."

"तिनं घेतलं असेल एव्हाना. आता ते वाया घालवू नकोस. सगळ्यात चांगलं तेच असतं."

"हाडं असतात नुसती."

दादानं हातातला घास खाली ठेवला. "हे तुला कोणी सांगितलं?"

"तिनंच."

"चाळीस वर्षं?"

मी हो म्हणालो. दादानं मिस्त्रीकडे बघितलं, मिस्त्रीनं दादाकडे, आणि दोघंही असे हसायला लागले की मिस्त्रीला ठसका लागला आणि मला उठून त्याच्या पाठीत थाप मारावी लागली. मग मी ते ताट पुढं ओढलं. दादानं कसं खायचं ते दाखवलं, कुठं दाबलं की गाल सुटतो, मेंदूतलं मऊ कसं चोखायचं, डोळ्यामागचं कसं काढायचं. पहिला घास तोंडात गेला आणि मी थांबलो. इतकी वर्षं मी रविवारी पहाटे उठून, पाण्यात पाय भिजवून जे आणलं, त्यातलं खरं हे होतं, आणि ते माझ्याकडे पाठ करून कोणी खाल्लं ते आता कळलं.

लबाड बाई.

दादानं एक डोळा मागितला. एक दिला, दुसरा दिला नाही. मिस्त्री विचारत होता, कसं आहे, कसं आहे. माझं तोंड भरलेलं होतं आणि जबड्याच्या आत एक तुकडा अडकला होता, तो बोटानं काढायचा होता.